जीएमसी ३५३ ची ३५२ केली की एक चाक अधांतरी: कारण कसं शोधायचं आणि इलाज काय

जीएमसीचा दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी सिक्स बाय सिक्स, म्हणजे तिन्ही अ‍ॅक्सलना इंजिनाची ताकद मिळणारा, अमेरिकी ट्रक लांब चासीच्या (३५३) प्लॅस्टिक मॉडेल किटमधून आखूड (३५२) करणं हे १/३५ मापात अनेकजण हौसेने करतात. त्यानंतरची तक्रारही ठरलेली. सगळं जुळलं, रंग बसला, डिकॅल (चिकटवायची छापील चिन्हं) लागले, आणि ट्रक कपाटातल्या काचेवर ठेवला तर पुढचं डावं चाक हवेत. ते बोटाने दाबलं की मागचं उजवं उठतं. मग कोणी बाकीचे टायर खालून घासतो, कोणी अ‍ॅक्सल वाकवून चाक खाली आणतो, तर कोणी बेसवर, म्हणजे मॉडेलखालच्या बनवलेल्या जमिनीवर, चिखल थापून विषय मिटवतो. पुढच्या ट्रकला पुन्हा तेच.

माझ्या मते बहुतेक वेळा चाक निर्दोष असतं. चूक कापलेल्या सांध्यात असते. आणि ती चाकापर्यंत पोचते, कारण मुळात डोलणारे असलेले मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) आपण पहिल्याच दिवशी घट्ट चिकटवून टाकतो. त्यामुळे इलाजही याच दोन जागी आहे. पण आधी आपल्या ट्रकचं दुखणं नेमकं कुठलं ते ओळखायला हवं, कारण चाक उचललेलं दिसण्याची कारणं निदान पाच आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही.

आधी मापं, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो

हा ट्रक म्हणजे सीसीकेडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात पाच लाखांहून जास्त बनले. लांब चासीच्या ३५३ चा व्हीलबेस १६४ इंच आणि आखूड ३५२ चा १४५ इंच. आखूड ट्रक मुख्यतः तोफा ओढायला होता, ७५ आणि १०५ मिमीच्या हॉवित्झर त्याच्यामागे लागत. फरक १९ इंचांचा, म्हणजे ४८२.६ मिमी. १/३५ मध्ये तो १३.८ मिमी होतो, १/४८ मध्ये १० मिमी आणि १/७२ मध्ये ६.७ मिमी.

व्हीलबेस पुढच्या अ‍ॅक्सलपासून मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या मधोमध मोजलेला आहे, शेवटच्या अ‍ॅक्सलपर्यंत नाही. मागच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर दोन्ही ट्रकांत तेच राहतं, तिथे करवत लावायची नाही. काप कॅबिनच्या मागे आणि पाट्यांच्या ब्रॅकेटच्या पुढे, चासीच्या सरळ भागातच.

दुसरी गल्लत हौद्याची. ३५३ चा हौदा १२ फुटी, ३५२ चा ९ फुटी. म्हणजे हौदा तीन फुटांनी, १/३५ ला २६ मिमीने कमी होतो आणि चासी फक्त १३.८ ने. चासीतून जेवढं काढलं तेवढंच हौद्यातून काढणारे खूप. मग हौदा कॅबिनला टेकतो, पुढून दाबला जातो आणि मागची चासी वर खेचतो. ३५२ ची स्टेपनी कॅबिन आणि हौदा यांच्या मध्ये उभी असते, तिला जागा लागते. उरलेला फरक मागे बाहेर डोकावणाऱ्या भागातून कमी करायचा. किती, हे आपण निवडलेल्या ट्रकच्या बाजूने काढलेल्या फोटोवरून ठरवा.

हॉबी बॉस कंपनीची तयार ३५२ ची किट मिळते, मग हा उद्योग कशाला, असं कोणी विचारेल. घरात ३५३ पडून असेल तर उद्योग करावा. नवीन किट विकतच घ्यायची असेल तर सरळ ३५२ घ्यावी, हेच शहाणपण. आणि विषय १९४४ च्या फ्रान्समधल्या रेड बॉल एक्सप्रेसचा, म्हणजे आघाडीला पेट्रोल आणि दारूगोळा पोचवणाऱ्या ताफ्यांचा असेल, तर ३५३ ला हात लावू नका. तिथे लांब हौद्याचा ट्रकच शोभतो.

कागदाची चाचणी

जाड काचेचा तुकडा किंवा आरसा घ्या. आरसा जास्त बरा, कारण चाक आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यातली फट डोळ्याला दुप्पट दिसते. टेबलाच्या सनमायकावर भरवसा ठेवू नका, तो क्वचितच सपाट असतो. झेरॉक्सच्या साध्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. असा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. प्रत्येक चाकाखाली पट्टी सरकवून पाहा. मागे जोडटायर असल्यामुळे आतला आणि बाहेरचा दोन्ही तपासा. एकूण दहा टायर, दहाही.

एक पट्टी सैल जात असेल तर विसरून जा. तेवढी फट खऱ्या ट्रकवर साडेतीन मिलिमीटर होते. दोन पट्ट्या एकावर एक जात असतील तर काम आहे. आता कुठली चाकं सैल आहेत, त्यावरून कारण कळतं.

सगळ्यात आधी सैल चाक हाताने अर्धा फेरा फिरवा. फिरवल्यावर कागद अडकला तर चाक गोल नाही किंवा अ‍ॅक्सलवर तिरकं बसलंय. हे सगळ्यात सोपं दुखणं. टायरवर स्प्रू (भाग ज्या चौकटीला जोडून येतात ती) तोडल्याचा उंचवटा राहिलेला असतो, किंवा जोडटायरमधला आतला बाहेरच्यापेक्षा जास्त घासला गेलेला असतो. मऊ व्हिनिलच्या टायरमध्ये रिम पूर्ण आत गेलेली नसते. चाक काढा, दुरुस्त करा, परत लावा. चासीला हात लावायची गरज नाही.

चाक फिरवूनही फट तशीच राहिली तर पुढे या.

तिरप्या रेषेत समोरासमोर येणारी कोपऱ्यातली दोन चाकं सैल, म्हणजे पुढचं डावं आणि शेवटचं उजवं किंवा उलट, आणि एक दाबलं की दुसरं उठतं: चासीला पीळ आहे.

पुढची दोन्ही आणि शेवटची दोन्ही टेकलेली, मधली दोन्ही सैल: सांध्यापाशी चासी वर उचलली गेली आहे, मागचा भाग खाली झुकलाय. मधली टेकलेली आणि शेवटची दोन्ही सैल असतील तर उलटं, चासी सांध्यापाशी खाली बसली आहे.

एकाच बाजूच्या मागच्या दोन चाकांपैकी एक सैल, शेजारचं घट्ट, आणि दुसरी बाजू ठीक: त्या बाजूचा पाटा दुसऱ्या बाजूच्या पाट्यापेक्षा वेगळ्या कोनात चिकटला आहे.

आणि पाचवं, जे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मागचा एखादा अ‍ॅक्सल मागे किंवा वर सरकलेला दिसतो, पण चासी सरळ असते. तिथे दोष शाफ्टचा, म्हणजे अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा.

पीळ आला कुठून

चासीचे दोन उभे दांडे आपण वेगवेगळे कापतो. एका दांड्यावर करवत अगदी काटकोनात चालली आणि दुसऱ्यावर एका अंशाने कलली, तर टोकाला टोक जोडल्यावर दुसरा दांडा त्या सांध्यातून एका अंशाने वर किंवा खाली निघतो. सांध्यापासून मागचं टोक ५० मिमी दूर असेल तर तिथे फरक जवळजवळ ०.९ मिमी. आडव्या पट्ट्या बसवताना दोन्ही दांडे दाबून एका रेषेत आणले जातात आणि तो फरक पिळाच्या रूपात चासीत कोंडला जातो. चिकटवताना काहीच कळत नाही, कारण बोटं सगळं सरळ धरून असतात. १/३५ ला पुढच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण ४४ मिमी आहे. म्हणजे चासीला एका अंशाचा पीळ असेल तर एक चाक पाऊण मिलिमीटर उचललं जातं. कागदाच्या सात पट्ट्या.

पीळ चासीत आहे की फक्त पुढचा अ‍ॅक्सल तिरका बसलाय, हे वेगळं काढायचं तर सुताराची युक्ती वापरा. चाकं काढून चासी उलटी काचेवर ठेवा. हौदा ज्यावर बसतो तो दांड्यांचा वरचा भाग सपाट असतो, तो काचेला चारही ठिकाणी टेकला पाहिजे. मग पुढच्या अ‍ॅक्सलवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा, मागच्यावर दुसरी, आणि डोळा पट्टीच्या पातळीत आणून समोरून पाहा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत. चासी काचेला टेकते पण पट्ट्या समांतर नाहीत, तर फक्त अ‍ॅक्सल सोडवून परत बसवा. चासीच काचेवर डुगडुगते, तर सांध्याकडे वळावं लागेल.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, प्लॅस्टिकचं तसं नाही. थोडा पीळ असेल, रंग लागलेला नसेल आणि सांधा प्लॅस्टिक सिमेंटचा असेल, तर गरम पाण्याने काम होतं. पाणी उकळून दोन-तीन मिनिटं निवू द्या. चासी त्यात अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून उलट्या दिशेने पिळा, हव्या त्या जागेपेक्षा किंचित पुढे, आणि तशीच धरून गार पाण्यात घाला. सोडल्यावर ती थोडी मागे येतेच. काचेवर तपासा, लागलं तर पुन्हा. सरळ उकळत्या पाण्यात टाकू नका, बारीक ब्रॅकेट लोळागोळा होतात. सांधा फेविक्विकचा असेल तर हा उपाय करू नका. उष्णतेने तो ढिला पडतो आणि पीळ देताना कटकन सुटतो.

पीळ जास्त असेल तर मलमपट्टी करत बसू नका. सांधा परत कापा आणि नीट जोडा.

सांधा परत करायचा तर असा

टोकाला टोक जोडणं हेच मूळ दुखणं, म्हणून तसं जोडूच नका. दोन्ही दांडे एकाच रेषेत न कापता एक थोडा पुढे, एक थोडा मागे कापा. दोन्हींतून काढायचा तुकडा मात्र तितकाच, १३.८ मिमी. करवतीची जाडी टाकाऊ तुकड्यात गेली पाहिजे, राहणाऱ्या भागात नाही. पातळ रेझर सॉ वापरा. हार्डवेअरच्या दुकानातलं हॅकसॉ ब्लेड या कामाला जाड आहे, शिवाय कापाची धार ओबडधोबड होते. काप दिल्यावर टोक पॉलिशपेपरवर लाकडी ठोकळ्याला टेकवून घासा, म्हणजे काटकोन मिळतो.

दांड्याचा छेद इंग्रजी सी सारखा आहे, आतून पोकळ. त्या पोकळीत बसेल अशी ०.५ मिमी स्टायरिनची पट्टी कापा, निदान २० मिमी लांब, सांध्याच्या दोन्हीकडे सारखी जाईल अशी. आधी ही पट्टी एका बाजूला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. दुसरी बाजू नंतर. सगळा भार या पट्टीवर, टोकांच्या भेटीवर नाही. बाहेरून आतली पट्टी दिसत नाही, आणि हौदा बसल्यावर तर कोणी बघायलाही जात नाही.

जुळवणी काचेवरच. काचेखाली ग्राफ पेपर चिकटवला की दोन्ही दांडे समांतर आहेत का, अ‍ॅक्सल काटकोनात आहेत का, हे सारखं सारखं मोजायला लागत नाही. चासी उलटी ठेवा, दांड्यांच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना लेगोचे ठोकळे किंवा छोटे गुण्ये लावून टेपने काचेला धरून ठेवा, आणि मगच सिमेंट लावा. पातळ सिमेंट, ब्रशने, थोडंच. जास्त लावलं तर प्लॅस्टिक आतून मऊ राहतं. वरून कडक वाटलं तरी आत ते एक-दोन दिवस सरकू शकतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याला हौदा चढवायची घाई असते. दोन दिवस चासी काचेवर बांधलेली राहू द्या. तोवर कॅबिनचं इंजिन करा. किटमध्ये इंजिन असेल तर त्या सहा सिलिंडरच्या जीएमसी २७० ला वायरिंग घालण्यात दोन संध्याकाळी सहज जातात.

फेविक्विक इथे का नको, तर तो एका क्षणात धरतो. तो क्षण वाकडा असेल तर वाकडंच धरतो. शिवाय पावसाळ्यात बंद डब्यात ठेवलं तर आसपास पांढरी वाफ बसते, ती काचांवर दिसते. रेझिनचा भाग चासीला जोडायचा असेल तर अरल्डाइट बरा, पाच-दहा मिनिटं सरकवायला मिळतात.

पाटे शेवटी

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खऱ्या सीसीकेडब्ल्यूचे मागचे पाटे टोकांना चासीला बांधलेले नव्हते. प्रत्येक बाजूचा पाट्यांचा जुडगा मधोमध एका आडव्या दांडीवर टांगलेला आणि त्याची दोन टोकं दोन अ‍ॅक्सलवर टेकलेली. एक चाक दगडावर चढलं की शेजारचं खाली जायचं. अ‍ॅक्सल पुढेमागे सरकू नयेत म्हणून सहा टॉर्क रॉड होते. म्हणजे ट्रक स्वतःच खालची जमीन शोधत होता.

मॉडेलमध्ये तेच करून घ्या. किटचे निर्देश पाटे आधीच चिकटवायला सांगतात, तेवढं ऐकू नका. पाट्यांचा मधला जोड सुका ठेवा, फक्त बसवलेला. भोक सैल असेल तर थोडा ब्लू टॅक (पुन्हा काढता येणारा चिकट लगदा) लावा. चासी, कॅबिन, पुढचा अ‍ॅक्सल, हौदा, सगळं होऊ द्या. मग चाकं लावून ट्रक काचेवर ठेवा, कॅबिनवर बोटाने हलका दाब द्या म्हणजे सगळी चाकं टेकतील, आणि त्या अवस्थेत पाट्यांच्या मधल्या जोडाला आणि टॉर्क रॉडच्या टोकांना पातळ सिमेंटचा थेंब द्या. रात्रभर हलवू नका. सांध्यात राहिलेला बारीक दोष इथे गिळला जातो. चासीचा पीळ मोठा असेल तर मात्र पाटे तो लपवतात आणि कॅबिन आणि हौदा एकमेकांशी तिरके दिसतात, म्हणून आधीचं काम चुकवता येत नाही.

ज्यांचा ट्रक आधीच चिकटलेला आहे आणि फक्त एका बाजूचा पाटा चुकीच्या कोनात आहे, त्यांनी पाट्याच्या मधल्या जोडात पातळ सुरीचं पातं घालून तो सोडवावा. टॉर्क रॉड तुटले तर तुटू द्या, स्टायरिनच्या दांडीतून नवे करता येतात.

शाफ्ट

काप ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी पेटी) आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये घेतला असेल, तर किटचे मागे जाणारे शाफ्ट आता १३.८ मिमीने लांब आहेत. एक मधल्या अ‍ॅक्सलला जातो, दुसरा मधल्या अ‍ॅक्सलवरच्या बेअरिंगमधून शेवटच्या अ‍ॅक्सलला. दोन्हींचा मधल्या अ‍ॅक्सलपर्यंतचा भाग न छाटता वाकवून बसवला की तो टेकूसारखा अ‍ॅक्सलला मागे ढकलत राहतो. दुसऱ्याचा बेअरिंगपासून पुढचा, दोन अ‍ॅक्सलच्या मधला तुकडा तसाच राहतो, त्याला हात लावू नका.

शाफ्ट मधून कापा, सांध्याजवळ नाही. कापलेल्या दोन टोकांना ०.५ मिमीचं भोक पाडून पितळी तार घाला. किंवा त्याहून सोपं, टोकांचे जोड कापून घ्या आणि मधली नळी त्याच जाडीच्या स्टायरिनच्या दांडीची नवी करा. शाफ्ट बसवताना थोडा आखूडच बरा, अर्धा मिलिमीटर कमी असला तर कोणाला दिसत नाही. लांब असला तर चाकं सांगतात.

एक जाताजाता: या ट्रकचे मागचे अ‍ॅक्सल दोन प्रकारचे होते, मधोमध फुगीर गोल घराचे बँजो आणि दोन भागांत जोडलेले स्प्लिट. दुसऱ्या किटमधून अ‍ॅक्सल उसने आणत असाल तर तिन्ही एकाच प्रकारचे घ्या. मिसळले तर शाफ्टची रेघ जुळत नाही आणि पुन्हा तीच ओढाताण.

हौदा

चासी सरळ असूनही ट्रक लंगडत असेल तर हौदा काढून तपासा. हौदा काढल्यावर चाकं टेकली, तर दोष हौद्याचा. कापून जोडलेला हौद्याचा तळ जवळजवळ नेहमी थोडा वाकतो, आणि तो चासीवर पूर्ण लांबीभर चिकटवला की चासीलाही आपल्यासारखं करतो. तळाच्या खालून सांध्यावर आडवी पट्टी द्या, आणि हौदा चासीला फक्त दोन ठिकाणी पिनवर बसवा, चिकटवू नका. रंगवायलाही सोपं जातं.

हौदा एका टोकाने २६ मिमी छाटला तर बाजूचे खुंट एका बाजूला दाट आणि एका बाजूला विरळ दिसतात. दोन्ही टोकांकडून थोडं थोडं काढा आणि खुंटांमधलं अंतर फोटोशी ताडून घ्या, वेळ पडली तर खुंट नवे लावा. फाळका जसाच्या तसा चालतो, रुंदी दोन्हींत सारखीच, ८० इंच, १/३५ ला ५८ मिमी.

रंगवून झालंय, आता?

गरम पाणी बाद, सांधा कापणं बहुतेकांना नको असतं. अशा वेळी पाट्यांचा मधला जोड सोडवून परत बसवणं हा एकच मार्ग मॉडेल न बिघडवता करता येतो, आणि पिळाचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर तो पुरतो. रंग उडालेली जागा हौद्याखाली असते, तिथे थोडा धुळीचा वॉश (पातळ रंगाचा हात) दिला की झालं.

फरक त्याहून मोठा असेल तर बेस करा, त्यात कमीपणा नाही. फक्त चिखल चाकाखाली भरून सपाट करू नका. आसामातून बर्मामार्गे चीनकडे जाणाऱ्या लेडो रोडचे, बर्माच्या बाजूचे १९४५ चे फोटो पाहा: रस्ता खडबडीत, एक चाक खड्ड्यात, शेजारचं वर, पाटा तिरका. बेसवर खड्डा तिथेच खणा जिथे तुमचं खाली गेलेलं चाक येतं, आणि अधांतरी चाकाखाली दगड द्या. त्या बाजूचा पाटा सोडवून दगडाप्रमाणे तिरका केला तर उत्तम. सरळ पाट्यावर उंच चाक, हे मात्र कोणत्याही चिखलात खोटं दिसतं.